ज्येष्ठमधाचा रोजचा काढा आणि रक्तदाब

प्रश्न : इतवारीतून आणलेल्या ज्येष्ठमधाचा काढा आई रोज घेते. त्यातील ग्लिसिरायझिन विषाणूंना रोखते, असे वाचले. मात्र तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. काढा चालेल का?

उत्तर १ : २००३ साली फ्रँकफुर्ट येथील संशोधकांनी सार्स या श्वसनरोगाच्या विषाणूवर ग्लिसिरायझिनचा परिणाम दाखवला, हे खरे, परंतु तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, आणि तोही मोठ्या मात्रेत.

उत्तर २ : खरी अडचण वेगळीच आहे. ग्लिसिरायझिन हे कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमला अडवते, त्यामुळे कॉर्टिसॉलचा मूत्रपिंडांवरील प्रभाव वाढून ती सोडियम राखून ठेवतात, पोटॅशियम लघवीवाटे जाते आणि रक्तदाब चढतो. गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असल्यास पोटॅशियम आणखी घटू शकते.

प्रश्नकर्ता : तशी गोळी आहे. काढा आजच थांबवला; डॉक्टरांना पोटॅशियमच्या तपासणीविषयी विचारतो.