गिअर बदलताना गाडी झटके देते : क्लच सेट बदलण्याआधी काय तपासावे? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ :

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे केबल क्लचची, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्लच सोडला की ती जोराचा झटका देते. तावडे हॉटेलकडून कावळा नाक्याकडे येताना संथ वाहतुकीत वारंवार गिअर बदलावे लागतात, तेव्हा मागे बसलेल्या वडिलांना हे झटके सोसत नाहीत. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली असता, फेरफटका मारूनही न पाहता, पूर्ण क्लच सेट बदलावा लागेल असे सांगण्यात आले. एवढ्या खर्चाला होकार देण्याआधी मी काय तपासून घ्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

जुना फिटर :

दादा, क्लच सेट बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो, त्यामुळे बाकीची कारणे वगळल्याखेरीज त्या कामाला हात लावू देऊ नका. झटका नेमका केव्हा येतो, हे आधी ठरवा. उभी गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये हलवताना थरथरत सरकत असेल, तर दोष बहुधा क्लचमध्येच असतो. क्लच प्लेटला तेल लागलेले असते, फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर) तापून डाग पडलेले असतात किंवा प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाची) बोटे एका पातळीत राहिलेली नसतात. मात्र गाडी जागेवरून सुरळीत निघत असेल आणि गिअर बदलल्यावरच ‘धप्’ अशा आवाजासह एकेक हिसका बसत असेल, तर माझा पहिला संशय इंजिन माउंटिंगवर जाईल.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवे बसवलेले असते, गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला असतो आणि हा सगळा भार रबरी माउंटिंगवर पेललेला असतो. क्लच दाबला की चाकांकडे जाणारा जोर तुटतो आणि सोडला की तो पुन्हा येतो. रबर फाटलेले किंवा दबून कडक झालेले असेल, तर त्या क्षणी इंजिन जागच्या जागी मागेपुढे झुलते आणि तोच धक्का सीटपर्यंत पोहोचतो. प्लेट नवी टाकली तरी हा झटका जात नाही.

चाचणी सोपी आहे, पण सावधपणे करावी. सपाट जागी चाकांना पुढून-मागून विटा लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा आणि गाडी चालवता येणाऱ्या माणसाला आत बसवून, ब्रेकवर पाय ठेवून, पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून लगेच दाबायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहून पाहा. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये. इंजिन किंचित हलणे स्वाभाविक आहे, पण ते उचलल्यासारखे वर येऊन आदळत असेल, तर माउंटिंग गेले असे समजा.

आणखी एक लक्षण पाहा. गिअर न बदलता, एकाच गिअरमध्ये हलका अ‍ॅक्सिलरेटर धरूनही गाडी अडखळत असेल, तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. तिथे प्लग, इग्निशन कॉइल आणि थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन तपासावा लागतो. स्कॅनर लावल्यावर पी०३०० ते पी०३०४ यांपैकी कोड आला, तर तो मिसफायरचा असतो.

घाटवाट :

प्लेट खरोखर संपली आहे का, हे वाघबीळमार्गे पन्हाळ्याकडे चढताना समजते. वाहतूक नसताना तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. हंगामात उसाच्या ट्रॉलींमागून चढताना आपल्याकडे बरेच जण सतत हाफ क्लचवर गाडी रेटतात. प्लेट त्यानेच लवकर घासते. सेट बदलायची वेळ आलीच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देणारे) एकाच वेळी बदलावे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहून घ्यावा आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलमधून तेल झिरपत नाही ना, याचीही खात्री करावी.

पंचगंगाकाठ :

आपणा दोघांचे मनापासून आभार. भावाला आत बसवून चाचणी केली. रिव्हर्समध्ये इंजिन बरेच उचलले जाते आणि खालच्या बाजूच्या माउंटिंगचे रबर चिरलेले स्पष्ट दिसते. चढावर क्लच घसरत नाही, पण रिव्हर्स टाकताना अधूनमधून खरखर होते. हा त्याचाच भाग आहे का?

जुना फिटर :

नाही, ती खरखर वेगळी धरा. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रिंग) नसतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवून, क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग गिअर टाका. तरीही खरखर राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ होतो; तुमची गाडी केबलची असल्याने पेडलची मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढे सैल दबते ते अंतर) मॅन्युअलप्रमाणे जुळवून घ्या, आणि केबल जड ओढत असेल तर ती बदला.

माउंटिंगचे काम उद्यमनगरातला कोणताही जाणता मेकॅनिक करील, मात्र सुटा भाग कंपनीचाच घ्या. एक रबर फाटल्यावर त्याचा भार इतरांवर पडतो, म्हणून उरलेली माउंटिंगही त्याच वेळी तपासून घ्या. इंजिन जॅकवर उचललेले असतानाच बोल्ट पक्के आवळले, तर नवे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. म्हणून इंजिनचे वजन माउंटिंगवर पूर्ण बसल्यावरच शेवटची आवळणी करायला सांगा. गिअर ऑइल बदलणार असाल, तर मॅन्युअलमध्ये जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिले असताना जास्त चांगले म्हणून जीएल-५ भरू देऊ नका, कारण त्यातील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.