मदरबोर्ड बदलण्याआधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बघा

दोनदा विंडोज टाकूनही पीसी गोठतोय आणि दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात खर्चात पडू नका, मदरबोर्डचा नंबर शेवटी लागतो.

वरच्या प्रतिसादात एकांनी रॅम खोडरबरने पुसायला सांगितलंय, बरोबरच आहे, पण पुसून भागत नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी एकेक स्टिक ठेवून, स्लॉट बदलून परत टेस्ट.

मला मात्र जास्त संशय एसएमपीएसचा. टॅली नीट चालतं, व्हिडिओ रेंडरला लावला की पटकन रीस्टार्ट, हे लक्षण त्याचंच. रेंडर चालू असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा कनेक्टर) पिवळ्या आणि काळ्या वायरमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवं. आकडा बरोबर आला म्हणून निर्धास्त होऊ नका, क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. ओळखीत कुणाचा चांगला एसएमपीएस मिळाला तर लावून बघा, लगेच कळेल.

आणि पीसी सांगलीत मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर! मग हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा, पंख्याखालचा धातूचा भाग) उघडाच. अशाच एका पेढीवरच्या मशीनमध्ये पंख्याखाली हळदीचा पिवळा थर नमद्यासारखा बसलेला मी पाहिलाय. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ या नोंदीवरून काही ठरवू नका, मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झालं एवढंच तो सांगतो. व्हीया-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरमधल्या चुकांची नोंद) एरर असेल तर मात्र इथे टाका.