काल रात्रीचा हसरा चेहरा

सुलूआत्या: काल रात्री मी स्पेनच्या कॅनरी बेटांवरचा लेख टाकला होता. त्यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकलाय. १४ देवमासे किनाऱ्याला लागले, यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही कळू दे.

बबलू: आत्या, चुकून अंगठा लागला असेल

सुलूआत्या: अंगठा कुणाचा ते तिथेच दिसतं. मी नाव घेत नाही, मोठ्यांचा मान ठेवते.

अण्णाकाका: नाव घे की. मीच टाकला. देवमाशांना नाही हसलो, मथळ्याला हसलो. 'नौदलाने घेतला बळी' म्हणे. २२ वर्षं नौदलात सोनारच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधायच्या यंत्राच्या, हेडफोनमागे काढली, बळीबिळी घेतल्याचं आठवत नाही.

नानाकाका: डॉल्फिनना सुरुंग शोधायला लावतात ते चालतं का?

माईकाकू: सुप्रभात. सकाळी सकाळी वाद नको 🙏

सुलूआत्या: वाद कोण घालतंय, वहिनी? मी फक्त विचारलं. आपल्याकडे मी विचारलं की तो वादच असतो म्हणा.

मनूताई: अण्णाकाका, मथळा भडक आहे, पण आतला मजकूर खरा आहे. सप्टेंबर २००२ मध्ये तिथे नाटोचा सराव चालू होता. सोनार सुरू झाल्यापासून चारेक तासांत चोचवाले देवमासे किनाऱ्याला यायला लागले. शवविच्छेदनात वायूचे बुडबुडे सापडले. पाणबुड्या माणूस घाईने वर आला की त्याला होतं तसंच काहीसं.

बबलू: देवमाशाला पाणबुड्याचा आजार? जन्म पाण्यात गेला त्याचा!

अण्णाकाका: हेच म्हणतोय मी.

मनूताई: अरे, हा प्राणी एका दमात ३ तास ४२ मिनिटं पाण्याखाली राहिल्याची नोंद आहे. एवढ्या खोल जाणाऱ्याचं वर-खाली करण्याचं गणित ठरलेलं असतं. आवाजाला घाबरून ते मोडलं की रक्तातला नायट्रोजन त्रास देतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

नानाकाका: माझा प्रश्न राहिला. डॉल्फिनना सुरुंग शोधायला लावतात ते चालतं का?

सुलूआत्या: २३५ डेसिबल लिहिलंय लेखात. रॉकेट उडतं त्याहून जास्त!

अण्णाकाका: इथेच त्या लेखवाल्याची पाटी कोरी. पाण्यातला डेसिबल वेगळा, हवेतला वेगळा. तुलना करायची तर पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा करायचे.

सुलूआत्या: बरं, केले. १७३ उरले. कानाला लावून बघतोस?

बबलू: आत्या १, अण्णाकाका ०

अण्णाकाका: (हा मेसेज हटवला आहे)

सुलूआत्या: वाचला मी हटवायच्या आधी.

माईकाकू: 🙏🙏

बबलू: अण्णाकाका, १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत ब्रिटिशांनी पाणबुडी समजून देवमाशांवर टॉर्पेडो सोडले होते ना?

अण्णाकाका: सोडले होते. घरी बसून हसणं सोपं आहे. खालून 'काहीतरी मोठं आहे' एवढंच कळतं आणि मागे साहेब उभा असतो. समुद्र गप्प असतो असं तुम्हाला वाटतं. मला पहिल्या रात्री वाटलं हेडफोन बिघडला. वाळक्या काटक्या मोडाव्यात तशी सतत कडकड. ते झिंगे होते, नांगी मिटून आवाज करतात. दुसऱ्या महायुद्धात तर सोनारवर खोटा तळ दिसायचा. रात्री वर यायचा, दिवसा खाली जायचा. शेवटी कळलं की तो जिवंत प्राण्यांचा थर आहे.

सुलूआत्या: हे कधी सांगितलं नाहीस.

अण्णाकाका: कुणी विचारलं कधी?

नानाकाका: डॉल्फिन?

मनूताई: हो नानाकाका, सांगते! अमेरिकेचं नौदल १९६० च्या आसपासपासून डॉल्फिन आणि समुद्रसिंह शिकवतंय. २००३ मध्ये इराकच्या उम्म कासर बंदरात डॉल्फिन नेले होते. ते सुरुंगाला हात लावत नाहीत, जागा दाखवतात आणि परत येतात.

नानाकाका: हात कुठे असतात डॉल्फिनला? आणि त्यांना विचारलं होतं का?

बबलू: 😂😂

मनूताई: सुरुंगांवरून आठवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीजवळच्या समुद्रात महायुद्धातले ४२ ब्रिटिश सुरुंग फोडून टाकले, तेही संरक्षित क्षेत्रात. नंतर त्या किनाऱ्यांवर मिळालेले २४ मेलेले पॉर्पॉइज तपासले, डॉल्फिनसारखेच छोटे प्राणी. त्यातले १० स्फोटाच्या इजेने गेले होते.

सुलूआत्या: लढाई संपून ७४ वर्षं झाल्यावर!

अण्णाकाका: मग काय, सुरुंग तसेच ठेवायचे? उद्या एखादं जहाज उडालं की तूच लेख टाकशील.

मनूताई: ठेवायचे नाहीत काका. भोकं पाडलेली नळी भोवती तळाशी टाकून हवा सोडतात. बुडबुड्यांच्या पडद्यात धक्का बराच अडतो.

अण्णाकाका: हां, हे कामाचं बोललीस.

माईकाकू: लढायांत कुणाचं भलं झालं का गं?

मनूताई: फॉकलंडचे पेंग्विन, काकू. त्या १९८२ च्या लढाईत पेरलेले सुरुंग त्यांच्या वजनाने फुटत नव्हते आणि माणसं कुंपणाबाहेर. २०२० मध्ये सुरुंग काढून होईपर्यंत मजेत होते.

बबलू: आपल्या घरात तेवढं वजन कुणाचंच नाही म्हणायला नको

माईकाकू: बबलू, हे माझ्यावर आहे का?

बबलू: (हा मेसेज हटवला आहे)

मनूताई: अण्णाकाका, शेवटचं. स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती सोनार बंद केलं. नंतर तिथे असे घोळके किनाऱ्याला आलेले नाहीत. आणि २००० मध्ये बहामाज बेटांवर देवमासे असेच किनाऱ्याला लागले, त्यात सोनारच कारण असावं, हे अमेरिकी नौदलाने स्वतःच अहवालात मान्य केलंय.

अण्णाकाका: अहवाल माहीत आहे. सोनार सगळीकडे बंद होणार नाही, पाणबुड्या आता फार गुपचूप चालतात. पण सराव कुठे करायचा ते निवडता येतं. किनाऱ्यालगत खोल दरी असेल तिथे नको. एवढं कबूल.

सुलूआत्या: मग तो हसरा चेहरा काढ.

अण्णाकाका: कसा काढायचा?

बबलू: त्यावरच परत दाबा काका

अण्णाकाका: दाबलं. आता टाळ्या आल्या.

सुलूआत्या: अण्णा!!