बी विंग ग्रुप: काचेचे पैसे कोण देणार?

साठे ३०३: नमस्कार. काल रात्री परत गाडीवर नारळ पडला, पुढची काच गेली. एस्टिमेट १४ हजार. मागच्या मिटिंगला हेच सांगितलं होतं, मिनिट्समध्ये आलं की नाही ते सेक्रेटरींनाच ठाऊक. सोसायटीने भरपाई द्यावी ही नम्र विनंती.

गोखले काका १०१: पार्किंगमध्ये बोर्ड आहे. "गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावावी."

नाईक ४०४: नारळ कुठेय? चटणीला घेते 😄

साठे ३०३: ताई चटणी तुमची, काच माझी.

पवार (सेक्रेटरी): साठेसाहेब इन्शुरन्समधून घ्या ना, सोसायटीचे पैसे म्हणजे आपलेच.

साठे ३०३: आणि नो क्लेम बोनस गेला तो तुम्ही देणार?

सायली २०२: काका यावर अमेरिकेत १९४७ चा खटला आहे, कॅरोल टोइंग. न्यूयॉर्क बंदरात एक बार्ज (सपाट मालवाहू बोट) सुटून बुडालं, वर माणूसच नव्हता. जज लर्नेड हँड म्हणाले, काळजी घ्यायचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले नुकसान याच्यापेक्षा कमी असूनही घेतली नाही तर तो निष्काळजीपणा. आपली ३ झाडं, नारळवाला झाडाचे ८०० घेतो, वर्षातून दोनदा म्हणजे ४८००. दोन वर्षांत एक काच धरली तरी वर्षाला ७०००. सोसायटी अडकते.

गोखले काका १०१: बोर्ड आहे.

कदम ५०१: हिशोबच करायचा तर ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांचाही करा. नाव घेत नाही.

शिंदे ३०१: घ्या ना नाव. लिकेज काढा मग भरतो, लेखी दिलंय.

पवार (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून 🙏

कुलकर्णी आजोबा २०४: राजकोटला रस्त्यावरचं झाड अंगावर पडून माणूस गेला, तरी १९९७ ला सुप्रीम कोर्टाने महापालिकेला सोडलं. झाडन्‌झाड तपासत बसले तर बाकीची कामं कधी करणार असा सूर होता.

सायली २०२: आजोबा ती शहरभरची झाडं, आपली तीन, तीही गॅलरीतून दिसणारी. चांदनी चौकातलं घंटाघर कोसळलं त्यात १९६६ ला दिल्ली महापालिका जबाबदार ठरलीच की. ८० वर्षांचं बांधकाम, धड तपासलंच नव्हतं.

कदम ५०१: साठेंनी गाडी ४ फूट पुढे घेतली असती तर खर्च शून्य.

साठे ३०३: ४ फूट पुढे तुमची बुलेट असते कदम. भाड्याने दिलीय का जागा?

सायली २०२: कॅलाब्रेसी म्हणून अमेरिकन कायदेतज्ज्ञ आहेत, ते हेच म्हणतात, ज्याला सगळ्यात स्वस्तात टाळता येतं त्याच्यावर भार टाका.

नाईक ४०४: म्हणजे बुलेटवर 😄😄

गोखले काका १०१: बोर्डाचा फोटो परत टाकतोय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

शिंदे ३०१: काचेचा हिशोब बसतो हो, पण तिथेच संध्याकाळी पोरं सायकल फिरवतात. पोराच्या डोक्याचे किती धरायचे?

सायली २०२: काहीही धरा, ४८०० त्याच्यापुढे कमीच. आणि पोरांना बोर्ड दाखवून चालत नाही.

पवार (सेक्रेटरी): नारळवाला रविवारी सकाळी ८ ला येतोय. झाडांखालच्या गाड्या काढा. भरपाईचं मिटिंगमध्ये बघू.

साठे ३०३: "बघू" म्हणजे नक्की काय?

कदम ५०१: बुलेटची चावी हिच्याकडे राहिलीय आणि ही साताऱ्याला.