मदत हवी आहे : चौरस खोलीत घुमणारा खर्ज कसा आवरावा?

नमस्कार मंडळी. टिळकवाडीतील (बेळगाव) आमच्या घरातली १२ बाय १२ फुटांची एक खोली मी केवळ शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी आणि गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती असल्यामुळे टाळी वाजवली की आवाज झणझणत राहत असे. जाड पडदे आणि सतरंजीने तो दोष बराच कमी झाला.

खरी अडचण खर्जाची (खालच्या, जाड आवाजाची) आहे. कुमार गंधर्वांचे (तेही बेळगावजवळच्या आपल्याच सुळेभावीचे) गाणे लावले की डग्ग्याचा घुमारा फुगून गायकीवर चढतो. लांबी-रुंदी समान असल्याने सुमारे ४७ आणि ९४ हर्ट्‌झचे अनुनाद (खोलीच्या मापामुळे घुमणारे स्वर) दोन्ही दिशांनी एकावर एक येतात. मध्यभागी बसल्यास पहिला जवळजवळ नाहीसा होतो आणि दुसरा अंगावर येतो.

कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत किमान ४ इंच जाडीचे रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), सुती कापडात मढवून, उभे करण्याचा विचार आहे. ते बेळगावात किंवा कोल्हापुरात किरकोळ मिळते का, आणि इकडच्या लांबलेल्या पावसाळ्यात कापडाला बुरशी न लागण्यासाठी भिंतीपासून किती अंतर सोडावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. अंड्यांच्या ट्रेचा सल्ला मात्र नको. त्याने खर्ज शोषला जात नाही.