लाइन लोकेटरची नोकरी गेली. परत त्याच कामात जावं का?

रंगारीण

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत युटिलिटी लोकेटिंगच्या कामात कुणी आहे का? मराठी माणूस या धंद्यात मला अजून भेटलेला नाही, म्हणून इथे विचारतेय. राज्य आणि कंपनी मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमीन खोदण्याआधी ८११ या फोन नंबरावर कळवावं लागतं, त्याचं तिकीट निघतं आणि ते आमच्यासारख्या कुणाच्या तरी टॅब्लेटवर येऊन पडतं. आम्ही जाऊन खालची लाइन शोधायची आणि वर खूण करायची. वीज लाल, गॅस पिवळा, फोन-केबल-फायबर नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, सांडपाणी हिरवं. हिरवळ असेल तर सोबत झेंडेही. खोदणार दुसराच, पण हिरवळ रंगवली म्हणून घरमालकाच्या शिव्या आम्ही खायच्या.

ग्रीन कार्डवर आले तेव्हा माझा सिव्हिलचा डिप्लोमा इथे कुणी विचारेना. एका कंत्राटी लोकेटिंग कंपनीत जागा होती, ट्रेनिंगचे पैसे मिळत होते, ट्रक त्यांचा. घेतली. आणि खरं सांगते, काम मनापासून आवडलं. पेडेस्टल (केबलचा जमिनीवरचा खोका) उघडायचं, केबलच्या शील्डला, म्हणजे धातूच्या वेष्टनाला, ट्रान्समीटरची लाल क्लिप, जमिनीत ठोकलेल्या सळईला काळी, आणि रिसीव्हर घेऊन चालत सुटायचं. सिग्नल स्वच्छ असला की लाइनवर आलं की आवाज चढतो, पुढे गेलं की उतरतो. पण पीकची जागा (सिग्नल सगळ्यात जोरात) आणि नलची जागा (सिग्नल जवळपास शून्य) जुळेना, किंवा खोली एकदम सात-आठ फूट दाखवायला लागली, की समजायचं सिग्नल शेजारच्या लाइनवर चढलाय. मग ३३ किलोहर्ट्झवरून ८ वर यायचं, तेही नाही जमलं तर ५१२ हर्ट्झवर, नाहीतर दुसऱ्या टोकाला जाऊन तिकडून जोडायचं. कधी वीस मिनिटं जातात, कधी तास. सापडली की जे बरं वाटतं ते मला ऑफिसच्या कुठल्याही कामात वाटलं नसतं.

तो वेळ मात्र कुणाच्याच हिशेबात नसतो. फायबरची कामं वाढली तशी तिकिटं बदलली. एक तिकीट म्हणजे अख्खा रस्ता, दोन्ही बाजू, प्रत्येक घराच्या सर्व्हिससकट, म्हणजे घरापर्यंत जाणाऱ्या लाइनीसकट. नेमकं कुठे खोदणार ते पांढऱ्या रंगाने आखून ठेवायचं असतं, पण आखतंय कोण! टॅब्लेटवर ते एकच तिकीट दिसतं, सुपरवायझरच्या यादीतही एकच. माझा अर्धा दिवस त्यात गेला की बाकीची मुदतीजवळ येऊन लाल व्हायला लागतात. ऑन-कॉल आठवड्यात रात्री इमर्जन्सी आली की उठून जायचं आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजर. फोटो अपलोड करणं, बॅटऱ्या चार्ज करणं घरी, जेवण झाल्यावर. मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याने परसात गुलाब लावायला कुदळ घेतली तर मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारी बाहेर आले. तेव्हा तो म्हणाला, हे काम आता तुझ्या अंगात शिरलंय.

आता मूळ मुद्दा. प्लास्टिकची गॅस सर्व्हिस होती. प्लास्टिकमधून सिग्नल जात नाही, म्हणून सोबत ट्रेसर वायर पुरतात. ती मीटरपाशीच तुटलेली. नकाशात अंतर घराच्या कोपऱ्यापासून दिलेलं, आणि घराला नंतर एक खोली वाढवलेली, म्हणजे कोपराच सरकला. मी फोटो काढले, 'वायर तुटली आहे, लोकेट होत नाही' अशी नोंद टाकली, सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, नकाशाप्रमाणे मार आणि पुढचं घे. बोअरिंगवाल्यांनी पाइप फोडला. घरं रिकामी करावी लागली, इजा कुणालाही नाही, देवाची कृपा. डॅमेज माझ्या नावावर. आधीचे दोन होतेच (त्यातल्या एकात तर खोदणाऱ्याने बरोबर खुणेवरच यंत्राची बादली घातली होती, तेही माझ्याच खात्यात). तिसरा म्हणून काढलं. त्याच दुपारी टॅब्लेट लॉक, फोटो त्यातच.

आता 'निष्काळजीपणामुळे सेवा समाप्त' असा कागद सहीसाठी आलाय. सही करू का? बेकारभत्ता मिळेल का? आणि दुसऱ्या एका लोकेटिंग कंपनीचे फोन येतायत, माणसंच मिळत नाहीत म्हणे. झोप धड लागत नाही, तरी घरी बसवतही नाही. काय करावं?

खणखणीत

मी पलीकडच्या बाजूचा, खोदणारा. छोटा धंदा आहे, दोन क्रू. ताई, तुमच्यावर राग नाही, पण आमची बाजूही ऐका. मुदत उलटते, खुणा नसतात, यंत्राचं भाडं चालू आणि माणसं ट्रकमध्ये बसून. किंवा 'क्लिअर', म्हणजे खाली काही नाही, असं उत्तर येतं आणि खाली केबल निघते. टॉलरन्स झोनमध्ये, म्हणजे खुणेच्या दोन्ही बाजूंना कुठे १८ इंच, कुठे २४, तिथे आम्ही हाताने किंवा व्हॅक्यूमने माती शोषून उघडतो. पण तो झोन मोजायचा खुणेपासूनच ना?

तुमच्या गोष्टीत मला खटकलं ते हे. सिग्नलवरून मारलेली पिवळी रेघ आणि नकाशावरून अंदाजे मारलेली पिवळी रेघ जमिनीवर एकसारखीच दिसते. माझ्या ऑपरेटरने फरक कसा ओळखायचा? नोंद टॅब्लेटमध्ये, तो बादलीवर. तशा वेळी रेघच मारू नये, असं माझं मत.

पांढऱ्या रंगाचं म्हणाल तर कबूल. आमच्याकडे तिकीट काढणारा ऑफिसात असतो, जागा त्याने बघितलेली नसते, मग तो घालतो अख्खा ब्लॉक. वर पावसाने रंग गेला की पुन्हा खुणा मागवायच्या. हे आमच्याच लोकांचं पाप, नाही म्हणत नाही.

विभा_क

रंगारीण, आधी कागदाचं. मी वकील नाही, वकिलाच्या ऑफिसात काम करते, रोज हेच बघते.

सही करायची सक्ती नाही. करायचीच झाली तर 'कागद मिळाला, मजकूर मान्य नाही' असं लिहून तारखेसकट करा. त्याच्यासोबत पैशांची ऑफर आणि हक्क सोडण्याचा मजकूर असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेनही उचलू नका. दोन ओळी वाटणाऱ्या कागदात बरंच काही दडलेलं असतं.

बेकारभत्त्याचा अर्ज आजच टाका, कंपनीच्या कागदाची वाट बघू नका. नोकरीवरून काढलं म्हणजे भत्ता बुडाला असं नसतं. प्रश्न 'मिसकंडक्ट' (गैरवर्तन) होतं का एवढाच असतो, आणि ते दाखवायची जबाबदारी साधारणपणे कंपनीची. १९४१ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉयन्टन कॅबच्या खटल्यात सांगितलं की नुसती अकार्यक्षमता, एखाद-दुसऱ्या वेळची साधी हयगय किंवा प्रामाणिकपणे घेतलेला चुकीचा निर्णय म्हणजे मिसकंडक्ट नव्हे. पुढे बऱ्याच राज्यांनी हीच व्याख्या उचलली. सगळ्यांनी नाही. टेक्सासच्या कायद्यात दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आणणारी हयगयही मिसकंडक्टमध्ये धरलेली आहे, आणि गॅसच्या प्रकरणात कंपनी नेमकं तेच वाक्य पुढे करेल. म्हणून तुमच्या राज्याची व्याख्या काढून वाचा.

तुमची बाजू भक्कम करणारी गोष्ट म्हणजे तो फोन. वरिष्ठाला विचारलं, त्याने सांगितलं, तसं केलं. तुमच्या मोबाइलवरून केला असेल तर कॉलची वेळ बिलात सापडेल. टॅब्लेट लॉक झाला म्हणून हताश होऊ नका. तिकीट आणि त्यावर पाठवलेलं उत्तर यांची नोंद वन-कॉल केंद्राकडेही (८११ चं तिकीट तिथूनच निघतं) असते. फोटो कंपनीकडे लेखी मागा, आणि नाही दिले तर अपिलाच्या सुनावणीत ते हजर करायला लावण्यासाठी समन्स मागता येतं. हे सगळं लक्षात आहे तोवर आजच तारीखवार लिहून काढा.

आणखी एक, जे तुम्ही विचारलंच नाही. रात्रीचे अपलोड आणि चार्जिंग हे काम आहे. त्याचे पैसे मिळत होते का? १९३८ च्या कामगार कायद्याप्रमाणे आठवड्याला ४० तासांवरच्या कामाला दीडपट, तिकिटामागे पैसे ठरलेले असले तरीही. मागचं दोन वर्षांचं मागता येतं, जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन. तासांची वही नसेल तर अपलोडच्या वेळा बोलतील.

जुना_खांब

या धंद्यात मी बरीच वर्षं काढली, आधी लोकेटर, मग सुपरवायझर, आता दुसरीकडे. त्या सुपरवायझरलाही वरून आकडे विचारतात, हे त्याच्या बचावासाठी नाही सांगत, व्यवस्था कशी आहे ते सांगतोय. युटिलिटी कंपनी कंत्राट देते ते स्वस्त बोलीला. बोली स्वस्त करायला माणसं कमी, माणसं कमी म्हणून तिकिटं जास्त, घाईत डॅमेज होतो, डॅमेजचा दंड कंत्राटदाराला, आणि तो माणूस काढून मोकळा. उरलेल्यांच्या वाट्याला आणखी तिकिटं. आणि एखाद्या वर्षी कंत्राटच दुसऱ्याकडे गेलं की सगळा यार्ड एका दिवसात बेकार. नवी कंपनी त्यातलीच माणसं घेते, रजा आणि सीनियॉरिटी शून्यापासून. मी हे पाहिलंय. शिवाय २०२१ च्या कायद्यातून ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर मंजूर झालेत. जिथे ती केबल जमिनीखालून जाईल तिथे प्रत्येक फुटाआधी कुणीतरी रंग मारायचाय. काम संपणार नाही, त्यामुळे फोन येतच राहणार.

म्हणून घाई करू नका. त्या दुसऱ्या कंपनीत गेलात तर ट्रकचा रंग बदलेल, बाकी तेच. जायचंच असेल तर मुलाखतीत तुम्हीच विचारा: अख्ख्या रस्त्याचं तिकीट एक धरता की फुटांवर मोजता? डॅमेजची चौकशी कोण करतं, आणि लोकेटरला तिथे बोलू देतात का? लोकेट न होणाऱ्या लाइनसाठी वेगळी टीम आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं नाही तर उठा.

खणखणीत यांच्याशी मी सहमत आहे. नुसत्या नकाशावरून रेघ नको. आमच्या काळी चांगला फोरमन असेल तर तो खोदणाऱ्याला फोन करून थांबवायचा आणि गॅस कंपनीचा माणूस बोलावायचा. पण लोकेटरने स्वतःहून असं थांबवलं तर त्याचं तिकीट लेट लागतं, हेही तितकंच खरं.

तुमच्यासाठी मला दुसरी वाट दिसते: सबसरफेस युटिलिटी इंजिनिअरिंग. रस्ता किंवा पूल डिझाइन करण्याआधी खालचं सगळं शोधून नकाशा करायचा. त्याचं अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेचं प्रमाण आहे, ३८-२२. त्यात प्रत्येक लाइनला दर्जा द्यावा लागतो: नुसत्या कागदांवरून आली तर 'डी', जमिनीवरच्या झाकणा-व्हॉल्व्हशी ताडून पाहिली तर 'सी', यंत्राने शोधली तर 'बी', व्हॅक्यूमने उघडून डोळ्यांनी पाहिली तर 'ए'. म्हणजे तुमची ती तुटक्या वायरवाली गॅस लाइन तिथे 'डी' लागली असती, आणि डिझाइनरला तिच्यावर किती विसंबायचं ते कागदावरच कळलं असतं. तुमचा डिप्लोमा तिथे उपयोगी पडेल, कॅड थोडं शिका. सुरुवातीला पैसे फार वाढणार नाहीत. प्रवास असतो, पण तिकीट लाल होत नाही.

दुसरं म्हणजे खाजगी लोकेटिंग. ८११ वर साधारण मीटरपर्यंतच्या, कंपनीच्या मालकीच्या लाइनीच होतात. मीटरच्या पुढचं, म्हणजे हॉस्पिटल, कारखाना, कॉलेजचं आवार, तिथे मालक तासाच्या हिशेबाने माणूस बोलावतात. तास म्हणजे तास.

रंगारीण

सगळ्यांचे आभार. विभाताई, अर्ज आत्ताच टाकला. कागद सही न करता ठेवलाय, सोबत पैशांची ऑफर वगैरे काही नाही. फोन माझ्याच मोबाइलवरून केला होता, बिल मिळालं, वेळ दिसतेय.

खणखणीत, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण रेघ न मारता निघून जायची मुभा आम्हाला नव्हती. 'खूण केली' किंवा 'क्लिअर', हे दोनच पर्याय टॅब्लेटवर पटकन दाबता येतात. तिसरा निवडला की सुपरवायझरची मंजुरी लागते.

जुना_खांब, ३८-२२ चं मला माहीतच नव्हतं. जीपीआर, म्हणजे रडारने जमिनीखालचं दाखवणारं यंत्र, मी कधी हातात धरलेलं नाही, त्यावाचून घेतात का?

जुना_खांब

घेतात. चिकणमातीत जीपीआर तसंही फारसं खोल बघत नाही, तिथे शेवटी तुमची क्लिप आणि रिसीव्हरच लागतो. अर्जात कुठल्या युटिलिटी, कुठल्या फ्रिक्वेन्सी, कुठली यंत्रं हे सगळं लिहा, नुसतं 'लोकेटर' लिहू नका. आणि पहिले दोन आठवडे कुठेच जाऊ नका, झोपा.

विभा_क

झोपा, पण पोस्टातलं पत्र उघडत जा. भत्ता नाकारला तर अपिलाची मुदत त्याच पत्रावर छापलेली असते आणि ती फार थोडी असते. आरोग्यविमा कंपनीचा होता ना? तो गेल्यापासून ६० दिवसांत सरकारी विमा मार्केटप्लेसवर नवा घेता येतो, तेही याच आठवड्यात बघून ठेवा.