‘मूळ पुस्तक कपाटात तसेच आहे’ या युक्तिवादाला उत्तर

जुना वाचक
पडद्यावर पात्र कितीही बदलले तरी चिडण्याचे कारण नाही, कारण मूळ पुस्तक कपाटात जसेच्या तसे असते, असे परवा एका लेखात वाचले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता सविस्तर उत्तर देणे भाग आहे. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतला फॅरामिर, भल्याभल्यांना मोहात पाडणारी ती अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असे म्हणतो. अंगठी घेऊन निघालेल्या फ्रोडोचा सोबती सॅम याच्या तोंडून हे गुपित निसटल्यावरही दिलेला शब्द पाळतो आणि फ्रोडोला जाऊ देतो. २००२ च्या चित्रपटात मात्र तोच फॅरामिर फ्रोडोला ऑस्गिलियाथ शहरापर्यंत फरफटत नेतो. माझ्या मुलीने आधी चित्रपट पाहिला आणि मग पुस्तक हाती घेतले. त्या प्रकरणाशी आल्यावर तिने दोन पाने मागे उलटली आणि विचारले, ‘‘बाबा, मधली पाने गळली आहेत का? हा यांना असाच कसा सोडतो?’’ पुस्तक तेच होते. तिच्या डोळ्यांपुढे माणूस दुसरा होता.

कात्री आणि डिंक
‘फरफटत’ हा शब्द रागाच्या भरात आला, असे समजून लिहितो. मूळ दुसऱ्या खंडाच्या अखेरीस येणारी शेलॉब कोळीण चित्रपटकारांनी २००३ च्या तिसऱ्या भागात ढकलली, त्यामुळे दुसऱ्या भागात फ्रोडो आणि सॅमची वाट अडवायला कोणी उरलेच नाही. शिवाय ज्या अंगठीच्या मोहाने बोरोमिर घसरला, तिच्याकडे त्याचा धाकटा भाऊ ढुंकूनही पाहत नाही असे दाखवले असते, तर प्रेक्षागृहात अंगठीचा धाक पाच मिनिटांत संपला असता. वडिलांच्या लेखी कायम उणा ठरणारा फॅरामिर चित्रपटाच्या दीर्घ आवृत्तीत दिसतो. ती आपण पाहिली आहे का? मी स्वतः संकलक आहे. एक लाडका प्रसंग कापला म्हणून एका लेखकाने माझ्याशी सहा महिने अबोला धरला होता, आणि प्रेक्षकांपैकी एकालाही त्याची उणीव भासली नाही.

वॉटसनचा कैवारी
आपले दुःख २००२ चे, आमचे १९३९ पासूनचे. रॅथबोन आणि ब्रूस या नटांच्या शेरलॉक होम्सवरील चौदा चित्रपटांनी होम्सचा मित्र वॉटसन याला असा वेंधळा करून ठेवला की तो सैन्यातला डॉक्टर होता, वेळेला पिस्तूल घेऊन होम्सच्या पाठीशी उभा राहत होता, हे लोक विसरूनच गेले. मी भाच्याला कथा वाचायला दिल्या, तर त्याचा पहिला प्रश्न, ‘‘इतका बावळट माणूस इतके नीट कसे लिहितो?’’

तिरपी नजर
कैवार नक्की कोणत्या वॉटसनचा? १८८७ च्या कादंबरीत त्याला गोळी खांद्याला लागते, १८९० च्या कादंबरीत जखम पायाला असते, आणि १८९१ च्या एका कथेत जॉन वॉटसनची पत्नीच त्याला ‘जेम्स’ म्हणते. मूळ लेखक डॉइललाच जिथे इतकी बेफिकिरी, तिथे इतरांकडून कसली निष्ठा मागता?

वॉटसनचा कैवारी
लेखकाचा विसराळूपणा वेगळा आणि पात्राचा स्वभाव पुसून टाकणे वेगळे. जेम्सचे म्हणाल, तर रहस्यकथा लेखिका डॉरथी सेयर्स यांनी उलगडा सुचवलेला आहे: वॉटसनच्या नावातील ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप. कथा वाचण्याऐवजी कथांतल्या चुकांच्या याद्या वाचल्या की असे प्रश्न पडतात.

तिरपी नजर
या कथा मी तेराव्या वर्षी तापात अंथरुणावर पडून सलग वाचल्या आहेत, तेव्हा वाचनाचा दाखला आपल्याकडून नको. नवऱ्याला त्याच्या मधल्या नावाचे भाषांतर करून हाक मारणारी पत्नी आपल्याला पटते आणि फॅरामिरचा क्षणभराचा मोह पटत नाही, हे मात्र नवलच. आणि खांद्या-पायाचा घोळ शेवटी निस्तरला कोणी? २०१० च्या ‘शेरलॉक’ मालिकेने. तिथे गोळी खांद्यालाच लागलेली असते आणि पायाचे लंगडणे मनाचे असते. ज्या रूपांतरकारांना आपण झोडपता, त्यांनीच आपल्या डॉक्टरचा पाय बरा केला.

कात्री आणि डिंक
चर्चा फॅरामिरची होती, याची नम्र आठवण. तो अजून ऑस्गिलियाथमध्येच उभा आहे.

वॉटसनचा कैवारी
उभा राहू द्या, त्याला दोन्ही पाय आहेत. लंगडण्याचा तोडगा झकास आहे, हे नाइलाजाने मान्य. पण दोन्ही कादंबऱ्या शब्दन् शब्द वाचल्याखेरीज तो सुचला नसता. एवढे वाचून बदल करणाऱ्याशी माझे भांडण नाही. १९३९ वाल्यांना मात्र माफी नाही.

जुना वाचक
शेलॉब पुढे ढकलल्याची अडचण मी लक्षात घेतली नव्हती, हे कबूल करतो. काल दीर्घ आवृत्तीही पाहिली. बाप धाकट्याला डावलून थोरल्याला अंगठी आणायला पाठवतो, तो प्रसंग चांगला आहे. इतका, की हा पुस्तकात का नाही, असे क्षणभर माझ्याच मनात आले. त्याचाच राग जास्त आला.